नानांच्या रिव्हॉल्वरचा गंज

डोळे जड झालेत, हात मात्र चालूच आहे. दुपारची जेवणं आटोपून ओसरीवर सतरंजी टाकून मी नानांचं रिव्हॉल्वर घासते आहे. नाना म्हणजे माझे वडील. लाकडाचे ठेकेदार, परवान्याचं हत्यार कायम जवळ बाळगणारे. ते गेल्यापासून हे पोलीस ठाण्यात पडून होतं. माझ्या भावाने, रमाकांतने, ते कायमचं निकामी करून घेतलं आणि सकाळी माझ्याकडे आणून दिलं. त्याला ते नानांच्या फोटोखाली काचेच्या पेटीत मांडायचंय. "तुझा हात हलका. पहिल्यासारखी निळी झाक येऊ दे," म्हणाला.

नळीवर झाक आली आहे. आधी तेलाचा बोळा, मग बारीक पॉलिश पेपर, मग ते निळं औषध. पोलाद पिकल्या जांभळासारखं दिसतंय. पण घोड्याखाली गंजाने खड्डे पाडलेत. तिथे रंग धरतच नाही. मी घासते, पुसते, पुन्हा घासते.

"कित्याक इतक्या घासतंस गो?"

आई समोर बसली आहे. पाय ओले, पदर खोचलेला. ती गेल्या शिमग्यात वारली हे मला ठाऊक आहे, तरी मी म्हणते, "आये, हो गंज जाणा नाय."

"जावचो नाय तो."

तिचा आवाज माजघरातून येतो, आणि मीही माजघरातच उभी आहे, आमच्या जुन्या घरात. नाना जेवायला बसलेत. ताटाशेजारी, लोणच्याच्या वाटीजवळ, रिव्हॉल्वर. ते रोज तिथेच असतं. मी एकोणीस वर्षांची आहे आणि आत्ताच बोलून गेले आहे, की लग्न करीन तर पास्कलशीच.

नाना ओरडत नाहीत. डाव्या हाताने रिव्हॉल्वर उचलतात आणि माझ्या छातीवर रोखतात. मी डोळे गच्च मिटते.

काहीच होत नाही.

डोळे उघडते तेव्हा ते भात कालवत असतात. पुढे सगळे म्हणाले, बापाचं काळीज ते, बोट वळलंच नाही. मीही तेच धरून बसले. त्या एका गोष्टीसाठी मी नानांना सगळं माफ केलं. आई मात्र तेव्हा चुलीपाशी होती. दारापर्यंतसुद्धा आली नाही. ते मी विसरले नाही.

आता चूल नाही, व्हाळ आहे. गुडघाभर पाण्यात आई बसली आहे आणि मासळी धुवावी तसं रिव्हॉल्वर धुते आहे. तिच्या हाताखालून लाल पाणी वाहतं. मी घाबरते.

"रगात न्हय गो. आगळ तो," ती म्हणते. "कोकमाचो. मीठ घातलेलो. तुझो बापूस झोपलो काय घोड्याच्या फटीत चमच्या चमच्यान ओतलंय. अख्खो पावसाळो. तो वरसून पुसी, आत कधी बघूक नाय."

"तू गंजवलंस?"

ती होकाराची मान हलवते.

"मग त्या दिवशी भायर कित्याक येवक नाय?"

ती आपल्या बोटांकडे बघते. "पाय हलाक नाय माझे. गंज पुरतो चढलो काय नाय, ता माका खय ठावक? चाप वडल्याचो आवाज आयकलंय. मग कायच आयकाक येवक नाय. तेव्हा मी खाली बसलंय."

चाप ओढला होता. पाणी थंड आहे, फार थंड. मी विचारते, "माका सांगूक नाय कधी?"

"बापूस तो तुझो. तुका तो व्हयो होतो." मग नेहमीसारखी, काही झालंच नसल्यासारखी, म्हणते, "जेवलंस मा?"

मी तिचा हात धरायला वाकते.

ओसरीवर ऊन खांबापर्यंत सरकलंय. आत पास्कल घोरतो आहे. रिव्हॉल्वर माझ्या मांडीवर. मी ते उचलून उलटं करते. मग पेचकस घेऊन मुठीचे स्क्रू काढते. लाकडाच्या त्या पट्ट्या मी अजून उघडल्याच नव्हत्या. नखाने उचकटल्यावर एक पट्टी सुटते.

आत, पोलादाच्या खोबणीत, काहीतरी चिकटलंय. नखाएवढं, काळं, चामड्यासारखं वाळलेलं. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून मी त्यावर ठेवते आणि हळूहळू चोळते.

बोट लाल होतं.

मी ते जिभेला लावते. आंबट. आणि त्यामागून, अगदी पुसट, मीठ.