सूज दिसत नव्हती म्हणून

औषध सुरू करून चौथा दिवस, आणि रशीदभाई पुन्हा माझ्या बीडच्या हॉस्पिटलात स्ट्रेचरवर. सकाळपासून तीन फिट्स. औषधाआधी अख्ख्या महिन्यात एकच आली होती. माझं डोकंच चालेना.

रशीदभाईंचं उमापूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. एमआरआयमध्ये मेंदूत दोन गाठी दिसल्या होत्या, टेपवर्म या जंताच्या अळ्या. न धुतलेल्या भाजीवरून, घाण पाण्यातून त्याची अंडी पोटात जातात आणि अळी रक्तातून मेंदूत पोचते. निदान पक्कं होतं. डोस मी तीनदा तपासला. शेवटी माझ्या जुन्या सरांना फोन लावला.

"सर, अळी मारायची गोळी चालू आहे, तरी फिट्स वाढल्या."

"अळी मरतेय म्हणूनच वाढल्या. स्टेरॉइड?"

"लिहिलंय की."

"लिहिलंस गं. पोटात जातंय का?"

जिवंत अळी चलाख असते. शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे इम्युनिटीला, पत्ता लागू न देता वर्षानुवर्षं पडून राहते. मरायला लागली की सोंग उघडं पडतं आणि पहारेकरी तुटून पडतात. त्या मारामारीत मेंदू सुजतो आणि फिट येते. पहारेकऱ्यांना आवरायला स्टेरॉइड.

रशीदभाईंच्या बायकोने, शबानाभाभींनी, औषधांची पिशवी उपडी केली. बाकी गोळ्या बरोबर संपत आलेल्या. स्टेरॉइडची स्ट्रिप जशीच्या तशी.

"भाभी, ही का नाही दिली?"

"तुमीच म्हणलात ना, सुजेची गोळी हाय? मी रोज बघितलं मॅडम. पाय बघितले, तोंड बघितलं, डोस्कं चाचपलं. कुठंच सूज न्हाई. मग कावून उगं द्यायची?"

आधी राग आला, मग माझीच लाज वाटली. बाईने रोज नेमाने तपासणी केली होती. सूज कुठे, एवढंच मी सांगितलं नव्हतं.

अळीची गोळी थांबवून सलाईनमधून स्टेरॉइड सुरू केलं.

"करंटपाशी काम हाय यांचं. परत दुकानात बसतील ना?" भाभींनी विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत," मी म्हणाले. खरंच येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फिट्स थांबल्या. मग स्टेरॉइडच्या जोडीने अळीची गोळी पुन्हा दिली. काही महिन्यांनी एमआरआय केला, तर एक गाठ विरलेली, दुसरीचा नुसता ठिपका. फिटची गोळी अजून चालू आहे, पण रशीदभाई दुकानात बसतात.

आता मी प्रत्येक गोळी कशाची, हे घरच्यांकडून वदवून घेते. परवा बाहेरच्या बाकावर भाभी एका नव्या पेशंटच्या बायकोला सांगत होत्या, "ही सूज आत ऱ्हाती बाई, हाताला लागत न्हाई. गोळी चुकवू नको."

माझं लेक्चर यापेक्षा बरंच लांब होतं.