उगवणीची ग्यारंटी

पेंग्विनचे फोटो काढायला मी आणि बायको दक्षिण ध्रुवाकडं जाणाऱ्या जहाजावर गेल्तो. बेटावर उतरण्याआधी तिथं प्रत्येकाचे बूट, खिसे, कॅमेऱ्याची बॅग तपासतात. बाहेरचं बी बेटावर पडू नये म्हणून. आणि मी जालन्याचा बियाण्याचा व्यापारी. आता बोला!

तपासणाऱ्या बाईनं चिमट्यानं माझ्या मोज्यातून एक कुसळ उपसलं. ते धावडा गावातल्या आमच्या शेतातलं, मी बघताक्षणी ओळखलं.

"हे उगवतं का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

तीस वर्षं दुकानात रोज हाच प्रश्न ऐकलेला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हंड्रेड पर्सेंट, मॅडम! ग्यारंटी!"

"गप बसता येत न्हाई का तुम्हाला?" बायको पुटपुटली.

मंग काय, माझी टोपी, जाकीट, बॅग, सगळं पुन्हा पहिल्यापासून झाडलं. तोवर बाकीचे बेटावर पोचले. पेंग्विनचे फोटो बायकोनं काढले. मी डेकवरून बायकोचे काढले, तेही ठिपक्याएवढे.

पण एक सांगतो. एवढ्या वर्षांत माझ्या ग्यारंटीवर एका फटक्यात विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक मला तिथंच भेटलं.