खेकड्यांचा कौल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नाशिक शहर आणि आसपासच्या परिसरात जेवणाआधी परवानगी घेणारा माणूस एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. परवानगी यजमानाची नव्हे. ती कुणीही घेतो. हा गृहस्थ परवानगी घेतो ती ताटात येणाऱ्याची.

माझ्या बायकोची थोरली बहीण या माणसाला दिली तेव्हा तो सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. पुढे सुपरवायझर झाला, मग निवृत्त झाला. या काळात कामावर त्याने कधी कुणाला आवाज चढवून काही विचारलं असेल असं वाटत नाही. पण मासळीबाजारात त्याच्याबरोबर जाणं म्हणजे माझ्यासारख्या भिडस्त माणसाची परीक्षा. हा मासे उलटसुलट करून बघत नाही, कल्ला उघडत नाही. खाली वाकतो, माशाच्या डोळ्यात डोळे घालतो आणि तसाच थांबतो. मिनिट, दोन मिनिटं. मागे गिऱ्हाईक खोळंबतं. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, "ओ भाऊ, मासा घ्यायचाय का स्थळ बघायला आलात?" साडू शांतपणे म्हणाला, "याला विचारायला उशीर झालाय, ताई." आणि रिकाम्या पिशवीने घरी आला. घरी त्या दिवशी पिठलं झालं.

कोंबड्याचं तर सगळ्या सोसायटीला माहीत आहे. एका दिवाळीनंतर साडूने गावाकडून एक लालभडक कोंबडा आणला, गच्चीवर नेला, त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. कोंबड्याने पाठ फिरवली. झालं! तो कोंबडा पुढे चार वर्षं गच्चीवर जगला. आरवत फारसा नसे, पण इमारतीत कुणाच्याही घरी मटण शिजलं की जिना उतरून बरोबर त्याच दारापुढे येऊन उभा राही. चोच न उघडता, मान जराशी तिरकी करून. आतली माणसं हळूच टीव्हीचा आवाज मोठा करत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्या कोंबड्यापायी रविवार सोडून बुधवारी मटण करायला सुरुवात केली. कोंबडा बुधवारीही आला.

या वेडाचं मूळ मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते त्याने मला एकदा हरसूलच्या बाजूला, ओढ्याकाठी चूल पेटवता पेटवता सांगितलं. त्याचं गाव कळवणकडचं. त्याच्या आईने नवस बोलला होता, पोराला नोकरी लागू दे, बोकड देईन. नोकरी लागली. देवीपुढे बोकड उभा केला, रीतीप्रमाणे त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं. बोकडाने अंग झाडलं की देवीने आणि बोकडाने, दोघांनीही कौल दिला असं धरायचं. पण हा बोकड झाडेचना. सकाळची दुपार झाली. पाहुणे भुकेले, भाकऱ्या थंड, म्हाताऱ्या कुजबुजायला लागलेल्या. दोर साडूच्याच हातात होता. त्याने कुणाचं लक्ष नाही असं बघून ओंजळभर पाणी बोकडाच्या कानात सोडलं. बोकड थरारला. "दिला, दिला, कौल दिला!" असा गलका झाला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जेवलो," साडू म्हणाला. "तेवढं चवीचं मटण मी नंतर कधी खाल्लं नाही, साडूभाऊ. तेच तर डोक्यातून जात नाही. घास कडू लागला असता तर सुटलो असतो."

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट हवी होती. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी फसवणूक न होता हो म्हणावं. मटण त्याला मनापासून आवडायचं, सोडवत नव्हतं आणि गिळवतही नव्हतं. म्हणून त्याने दुकानातलं सोडलं आणि रानातलं धरलं. दर पावसाळ्यात तो डिकीत गोणीभर सुकी लाकडं, एक काळंकुट्ट पातेलं आणि ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, दिलेला काळा मसाला घेऊन पश्चिमेच्या डोंगरात जायचा. बरोबर मी, आणि माझा एक मित्र, जो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे आणि ज्याची भूकही तिथल्या भट्टीसारखी कधी विझत नाही.

तिथे कर्टुली, कुर्डू, अळंबी जे मिळेल ते साडू खुडायचा. अळंबीची छत्री काढण्यापूर्वीही तो तिच्याजवळची जमीन बोटाने दोनदा ठोकायचा, दार वाजवावं तशी. पण खरा सोहळा खेकड्यांचा. ओढ्याकाठी एक सपाट कातळ होता. कातळाच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आमची चूल. साडू बादलीतून खेकडा काढून मधोमध ठेवायचा, तळहातावरचं पाणी त्याच्यावर शिंपडायचा आणि विचारायचा, "येतोस का? नसशील येत तर जा बाबा." मग आम्ही हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. खेकडा पाण्याकडे गेला तर सुटला. चुलीकडे आला तर पातेल्यात. आता खेकडा आडवा चालतो, त्यामुळे निम्मे कुठेच जायचे नाहीत, कातळावरच येरझाऱ्या घालायचे. उरलेल्यांतले बहुतेक पाण्याकडे. अकरा धरले तर एखाददुसरा आमच्या वाट्याला. मित्र कळवळून म्हणायचा, "भाऊ, त्याला मराठी येत नसंल हो! नीट समजावून सांगा ना!" एकदा त्याने चुलीच्या बाजूला भज्यांचा चुरा टाकून ठेवलेला सापडला. साडूने त्या दिवशी चूलच विझवली.

पण जो एखादा खेकडा चुलीकडे यायचा, त्याचा रस्सा! नांग्या ठेचून गाळलेलं पाणी, भाजलेलं खोबरं, सोबत नागलीची भाकरी. आम्ही दोघे बोटं चाटायचो. साडू एक घास खायचा, थांबायचा आणि पाण्याकडे बघत म्हणायचा, "खरंच आला असंल का हा? का वाट चुकला?" अशा प्रश्नावर तुम्ही काय जेवणार!

गेल्या वर्षीच्या आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण लागायच्या आधीचा तो दिवस म्हणजे शहरातल्या मटणाच्या दुकानांपुढे देवळासारख्या रांगा. आम्ही अकराच्या सुमारास ओढ्यावर पोहोचलो. धुकं इतकं होतं की बारा वाजले तरी पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाऊस नव्हता. पक्षी नव्हते. नेहमी ओरडणारे बेडूकही गप्प. सहा खेकडे धरले, बादलीवर ताट झाकलं. साडू चुलीवर वाकून फुंकर घालत होता, मी कांदा चिरत होतो.

"भाऊ," मित्र म्हणाला, "बादली उघडली का तुम्ही?"

बादली झाकलेलीच होती. पण कातळावर एक खेकडा होता. बसला होता म्हणावं तर तसं नाही, थांबला होता. त्याच्यामागे पाण्यातून दुसरा वर आला. मग तीन एकदम. मग मी मोजायचं सोडलं. ओल्या दगडावर त्यांच्या पायांचा टिक टिक टिक असा बारीक आवाज येत होता आणि धुक्यात त्याखेरीज दुसरा आवाजच नव्हता. येरझाऱ्या नाहीत, गोंधळ नाही. नांग्या पोटाशी धरून ते आडवे आडवे सरकत चुलीकडे आले आणि जाळाभोवती अर्धं कडं करून थांबले. काड्यांवर बसवलेले ते काळे डोळे सगळे एकाच बाजूला वळलेले होते. ज्या बाजूला साडू होता.

मी हसायचा प्रयत्न केला. मित्राने, ज्याने पातेलं धरायला जन्म घेतला होता, त्याने पातेलं खाली ठेवलं. तेवढ्यात पुढचा एक खेकडा निखाऱ्याशेजारच्या राखेत शिरला आणि आणखी पुढे निघाला.

साडू ताडकन उठला आणि ओरडला. काय ओरडला ते शेवटी सांगतो. मग त्याने पिण्याच्या पाण्याचा सबंध कॅन चुलीवर ओतला. बादली ओढ्यात रिकामी केली. राखेतल्या खेकड्याला उघड्या हाताने उचलून पाण्यात सोडलं आणि चटका बसलेली बोटं तोंडात घातली. बाकीचे जागचे हलले नाहीत. विझलेल्या चुलीच्या वाफेत तसेच बसून राहिले.

वरच्या पायवाटेने डोक्यावर रानभाजीची पाटी घेतलेली एक बाई चालली होती. तिने वाकून पाहिलं. "वरती पाणी पडलं आसंल, दादा," ती म्हणाली. "खेकडं आदी निघत्यात. तुमीबी निघा."

हे ऐकून आम्हा दोघांच्या जिवात जीव आला. म्हणजे तसं कारण होतं तर! सामान गोळा करून आम्ही वर पुलावर गेलो आणि लोंढा यायची वाट बघत तासभर थांबलो. ओढा होता तेवढाच राहिला. पाणी गढूळसुद्धा झालं नाही.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. शेवटी मित्राने धीर केला. "भाऊ, आज तर सगळेच तयार होते की. तुम्हाला पायजे होतं तेच झालं. खायला काय हरकत होती?"

साडू काचेबाहेर बघत होता. म्हणाला, "मला वाटायचं, कुणी हो म्हटलं की आपण मोकळे."

त्यानंतर त्याने मांसाला हात लावला नाही. माळ घातली नाही, कुणाला उपदेश केला नाही. आमच्या घरी मटण असलं तर शेजारी बसून भाजीभाकरी खातो, मला नळी फोडून देतो. या आषाढातही आम्ही गेलो होतो. त्याने चूल ओढ्यापासून लांब, करवंदीच्या जाळीआड मांडली, कर्टुल्यांची भाजी केली. भाजी उत्तम होती. मी तसं म्हणालो. तो "हं" म्हणाला. तो पूर्वीचा एक घास आणि त्यानंतरचा प्रश्न, दोन्हींची मला इतकी सवय झाली होती हे मला तिथे कळलं. आता तो कशालाच काही विचारत नाही. अळंबीजवळची जमीनही ठोकत नाही, नुसती ओलांडून जातो.

माझा मित्र त्या दिवसाची नक्कल छान करतो. खेकडे करतो, पाटीवाली बाई करतो, माझं हसूही करतो, आणि लोक हसून लोळतात. साडूपाशी आला की मात्र त्याचा आवाज दरवेळी बसतो आणि मग ते वाक्य मला पुरं करावं लागतं. साठी उलटलेला तो माणूस दोन्ही हात पुढे करून, अंगणात शिरलेल्या वरातीला अडवावं तसा त्या खेकड्यांपुढे उभा होता आणि ओरडत होता:

"अरे थांबा, थांबा रे! मी अजून विचारलंच नाही!"