आधी माहं नाव लिवा

माझी फजिती ऐकायची तर एका साध्या मंगळवारपासून ऐकावी लागेल. चालेल ना? मी अंगणात तूर निवडत होते, गॅसवर दूध ठेवलं होतं, आणि हे सकाळीच कळंबला गेले होते. फोन आला. यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. दूध उतू गेलं की नाही, मला आजही आठवत नाही.

आम्ही दोघांनी पन्नाशीत बी.ए.ला नाव घातलं होतं. विषय शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र. अख्खं बाभुळगाव हसलं! पुस्तकं जाड आणि डोळे अधू, म्हणून आम्ही वाटणी केली. समाजशास्त्र यांनी वाचायचं, शिक्षणशास्त्र मी, आणि संध्याकाळी चहावर एकमेकांना शिकवायचं. पास व्हायचं तर दोघांनी, असं ठरलेलं.

समाजशास्त्राचा प्रकल्प महिनाअखेर द्यायचा होता. एखादी रूढी जवळून पाहून लिहा. आता तेरवीपर्यंत मी उंबरठा कसा ओलांडणार? पण समाज तर रोज घरी येत होता! सतरंजीवर बसत होता, रडत होता, उठून जात होता. यांनी शिकवलेलं मला पाठ होतं. निरीक्षण करताना आपण मध्ये पडायचं नाही, कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त पाहायचं. मी भिंतीला टेकून बसले आणि पाठकोऱ्या कागदांवर लिहू लागले.

चुलत सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, सून हजेरी घेते आहे. आमच्याकडे दुःखाला कोण आलं आणि कोण नाही, हे दोन पिढ्या विसरत नाहीत. झालं! दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. येऊन गेलेले पुन्हा आले. बायका गळ्यात पडायच्या आधी कागदासमोर नाव-गाव खणखणीत सांगू लागल्या. एकीने पुण्याच्या मुलाचंही नाव टाकायला सांगितलं. त्याला सुट्टी मिळाली नव्हती म्हणे. मध्ये पडायचं नाही, म्हणून मी नुसती मान हलवत राहिले.

मग मुकुटबनहून सुधाकर भाऊजी आले. यांचे चुलतभाऊ. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून दोघांचं बोलणं बंद. मातीलाही आले नव्हते. दारातूनच म्हणाले, "वयनी, आधी माहं नाव लिवा, मंग रडतो."

मी मान हलवली. पण भाऊजींचा माझ्यावर विश्वास कुठला! त्यांनी कागद उचलला आणि भरल्या घरात मोठ्याने वाचायला लागले. "हुंदका. मग सोयाबीनचा भाव. पुन्हा हुंदका. मग जावयाची बदली."

चुलत सासूबाईंनी डोळ्यांशी नेलेला पदर तिथेच राहिला.

भाऊजींनी कागद उलटा केला. "नाव काहून नाही वो कोनाचंच?"

तुम्हाला वाटेल, लोकांना मी काय लिहिलं त्याचा राग आला. छे! राग आला तो हजेरी न लागल्याचा. सासूबाई म्हणाल्या, "मी तं दोनदा आलती." मी प्रकल्प म्हणजे काय ते समजावू लागले, तसे भाऊजी मटकन खाली बसले.

"म्हंजे मी आलो, ते कुठीच नाही लागलं?"

आणि रडले. आधी नाव लिहून न घेताच. त्याची नोंद मी केली नाही.

शेजारची नसीमा, जिच्या घरून रोज माझा डबा येत होता, जाताना कानाशी म्हणाली, "भाभी, सबका लिखा. तुमचं रडनं कुठी हाय ह्याच्यात?"

मी कागद चाळले. खरंच नव्हतं. स्वतःच्याच घरी मी भेटायला आलेल्या पाहुणीसारखी बसले होते. आणि पाहुणी निदान रडून तरी जाते!

प्रकल्प पास झाला. समाजशास्त्र सुटलं. शिक्षणशास्त्राचा शेवटचा धडा मी त्या मंगळवारी सकाळीच वाचून ठेवला होता. यांना शिकवायचा राहिला.