नाण्यातल्या देवीचा नवस

मानकोलीला आज जिथं गोदाम आहे तिथं आमचं शेत होतं, आणि त्या शेताचा चिखल असा, की त्यात रुतलेला बैल थेट खाडीपलीकडच्या गावात बाहेर निघायचा. त्याच चिखलात भाताची आवणी करताना आईला चांदीचं नाणं सापडलं. त्यावर एक तोंड होतं, डोक्यामागं गाठ. अंबाडा हाय म्हणजे देवीच, असं आईनं ठरवलं. सोनाराकडून ते तांब्याच्या पत्र्यात बसवून टाक करून घेतला आणि देव्हाऱ्यात मांडला. दर दिवाळीला ती तो चिंचेनं इतका लख्ख घासायची, की शेजारचे त्यात बघून दाढी करून जात.

लहानपणी मला ताप आला. माझ्या कपाळावर म्हणे पापड भाजले. तेव्हा आईनं त्या देवीला नवस बोलला, पोर उठलं तर तुझ्या देवळात येऊन ओटी भरीन. पोर उठलं. पण देऊळ कुठलं? देवीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं.

शेत विकलं, घरात मोबाइल आले, आणि आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिनं एकच धोशा लावला.

"नवस फेडायचा राहिलाय रं बाला. कोन हाय ती, इचार ना कुनाला."

निजामपुऱ्यातल्या चांदीवाल्यानं नाणं दातानं चावून परत दिलं. मग ठाण्याच्या एका प्राध्यापकांकडं गेलो. त्यांनी मला विचारून पत्रा हलकेच उचकटला. काठाखाली दबलेली काही अक्षरं शाबूत होती.

"ग्रीक आहे. 'राजाचं' एवढं वाचता येतंय, पुढचं नाव घासून गेलं. आणि हा पुरुष आहे हो. ती गाठ अंबाड्याची नाही, राजाच्या डोक्याला बांधलेल्या फितीची."

त्यांनी नाणं उलटलं. इतकी वर्षं पत्र्याआड, अंधारात, एक देवी उभी होती. पुढं ढाल, उगारलेल्या हातात वीज. कालच घडवल्यासारखी.

"ही त्यांची देवी. हिची देवळं तिकडं, ग्रीसमध्ये." नावही सांगितलं त्यांनी, पण ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही.

आईच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं, मीठमिरची न लावता. समुद्रापलीकडचा राजा, कुंकू सगळं त्याला, देवी बिचारी पाठीमागं. ज्या पोरानं तिला खाडीत म्हशीएवढी कोळंबी पाहिल्याचं सांगितलं होतं, तोच हे सांगत होता. ती हसली.

"लय भारी रचलीस. आता खरं सांग."

"आई, हेच खरं."

"मरताना तरी थापा नको रं मारू."

मी घाबरलो. म्हणालो, "बरं, आपली गावदेवीच हाय ती."

"ही पन थापच," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मग त्याबद्दल काही विचारलंच नाही तिनं.

तेरावं झाल्यावर खण, नारळ, तांदूळ घेऊन मी मानकोलीला गेलो. देवी निघाली तिथंच ओटी ठेवावी म्हटलं. गोदामाच्या फाटकावर वॉचमननं अडवलं.

"किस पार्टी का माल है?"

मी हातातल्या ओटीकडं बघितलं.

"नाम बोलो भाई, नाम के बिना एंट्री नहीं होती."

मागं टेंपो हॉर्न मारत होता. ओटी छातीशी धरून मी बाजूला झालो, आणि टेंपो आत गेला.