सगुणाक्कांची मूठ

सगुणाक्का बिनखड्याचे तांदूळ निवडायच्या. पिशवीवर ‘निवडलेला’ असं ठळक छापलेलं असलं तरी रोज सकाळी केशवापुरातल्या आपल्या दोन खोल्यांत त्या ताट मांडीवर घेऊन बसायच्या. एक मूठ उचलायची, आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या एकाचं नाव घ्यायचं, मूठ पातेल्यात सोडायची. मग दुसरी मूठ, दुसरं नाव. खडे कुठे आहेत यात, असं मी एकदा वैतागून विचारलं. म्हणाल्या, “खड्यांसाठी कोण निवडायलंय?” एकट्या बाईला एवढा भात लागायचा कशाला, तर नावं जेवढी तेवढा भात, आणि खाणारे यायचेच. हेच माझं दुखणं होतं. सभेला दांडी मारणारी पोरं त्यांच्या स्वयंपाकघरात मात्र जेवायच्या वेळेला बरोबर हजर.

आमची मराठी मंडळी लहान. सकाळी सातला आमची उपासना, नऊला त्याच चर्चमध्ये कन्नड उपासना. सगुणाक्का निवृत्त नर्स, विधवा, मुलगा परगावी. पाळकसाहेबांनी त्यांना तरुण संघाच्या सल्लागार केलं होतं आणि मला पुढारी. मी दुर्गदबैलात कापडाच्या दुकानात नोकरीला, सुट्टी एवढी रविवारची. ती सगळी मी संघाला वाहिलेली. शनिवारी प्रत्येकाला फोन, रविवारी हजेरी, मिनिटामिनिटाचा कार्यक्रम छापून तयार. तरी तिसाचे अकरा झाले. कोणी कन्नड उपासनेला गेलं, कोणी बंगळूरला, कोणी गिटार आणि रंगीत दिव्यांच्या नव्या हॉलमध्ये. डोकं फिरायची पाळी आली होती.

मी कार्यक्रमाचा कागद घेऊन अक्कांकडे जायचो. त्या चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत वाचायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, “यात देवानं करायचं कुठलं, तम्मा? सगळं तूच करायलास.” कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मला चाळिशीतही त्या तम्माच म्हणायच्या. देव काय शनिवारी फोन लावत बसणार आहे, असं मी एकदा ऐकवलंसुद्धा. त्यावर हसून “इरलि, बिडो.” असू दे, सोड. या ‘बिडो’ने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. विश्वास हे आळसाचं दुसरं नाव झालंय, असं मी घरी येऊन बायकोला म्हणायचो.

मग मी नियम केला. लागोपाठ तीन रविवार गैरहजर, की नाव यादीतून आणि मोबाइलवरच्या ग्रुपमधून बाद. पहिलं नाव गेलं शलोमीचं. ही कीबोर्ड वाजवायची, आणि फार छान वाजवायची. तीन रविवार आली नाही, फोन उचलला नाही. मी तिला काढलं आणि खरं सांगायचं तर शिस्त लावल्याचं समाधानही वाटलं.

पुढच्याच सोमवारी दुकानाला जाण्याआधी मी अक्कांकडे गेलो होतो. त्यांचं निवडणं चालू होतं. “शलोमी,” म्हणाल्या आणि मूठ सोडली. मी म्हटलं, ते नाव काढलंय.

“तू काढलंस. देवानं काढल्याचं मला काही कळवलं नाही त्यानं.”

मग सगळं बाहेर आलं. तिच्या वडिलांना लकवा झाला होता. तिनं मॉलमध्ये नोकरी धरली होती, रविवारी तिला सुट्टी नसायची. सोमवारी ती इथे जेवायला यायची आणि रडून जायची. मी भडकलोच. हे सगळं ठाऊक होतं, तर मला का सांगितलं नाही?

“तू हजेरी विचारलीस, तम्मा. तिची चौकशी नाही केलीस.”

बस्स, एवढं मला पुरलं. संघ विश्वासावर चालतो ना, मग चालवा तुम्हीच, मी आजच राजीनामा देतो, असं काय काय मी बोललो. अक्कांनी वाद घातला नाही. ताट माझ्यापुढे सरकवलं. राजीनामा पाळकसाहेबांना दे म्हणाल्या, पण आधी एक मूठ घे, नाव तिचं. मी रागारागानं मूठ उचलली, नाव घेतलं, आणि हात उघडेना. लाज वाटत होती. शिवाय एक भीतीही होती. हे सोडून दिलं, तर मी करायचं काय उरलं?

“उघड की,” अक्का म्हणाल्या. “धरून बसलास तर शिजणार कसं?”

उघडली. राजीनामा दिला नाही. संध्याकाळी शलोमीच्या दारात जाऊन माफी मागितली. तिनं चहा दिला, पण पुढे सभेला आली नाही. गेलो, मागितली माफी, उपयोग शून्य, असा अहवाल मी अक्कांना दिला. तुझं काम झालं, पुढचं तुझं नव्हेच, म्हणाल्या. मी पुन्हा चिडलो.

गेल्या उपवासकाळात अक्का चार दिवसांच्या आजारात गेल्या. मातीला अकरा जण येतील असं मी धरलं होतं. चर्च भरलं. बंगळूरची पोरं रातोरात बस पकडून आली होती, गिटारवाल्या हॉलमधली आली होती, मी बाद केलेली सगळी होती. शलोमीनं कीबोर्ड वाजवला. माझ्या खिशात त्या दिवशी यादी नव्हती.

त्यांचं ताट त्यांच्या मुलानं मला दिलं. आता मी निवडतो. मी सुधारलोय असं कोणी समजू नये. अकराचे नऊ झालेत, त्याचा संताप येतोच. काही नावांना मूठ अजून सहज उघडत नाही. शलोमी हल्ली सोमवारी सकाळी आमच्याकडे येते, बायकोला भाजी चिरून देते, जेवून जाते.

परवा माझी नावं संपली तेव्हा ती कांदा चिरत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, “अण्णा, तुमचं नाव कोण घेतं?”

अक्का होत्या तोवर त्या घेत असणार. रोज. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मी लक्ष ठेवलं ते इतरांच्या नावांवर, माझं कधी कानावर पडलं नाही, कारण ते मी यायच्या आधीच घेऊन झालेलं असायचं. इरलि म्हणालो.

शलोमीनं सुरी खाली ठेवली, ओढणीला हात पुसले आणि ताटातून मूठभर तांदूळ उचलले.

“प्रकाशअण्णा,” म्हणाली, आणि लगेच मूठ उघडली. माझ्यासारखी धरून बसली नाही.