सहल आणि सही

तो कवळ्या बनवायचा. खाली दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि जिना चढून वर गेलं की त्याची खोली. खोलीत एक लांब टेबल, टेबलावर गॅसची छोटी शेगडी, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, घासायचं मशीन आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. माणसं खाली तोंड उघडून जायची आणि त्यांच्या तोंडाचे ठसे वर यायचे. एकोणीस वर्षांत गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांना त्यानं चावायला लावलं होतं, पण त्यातल्या दहा जणांचे चेहरेसुद्धा त्याला ठाऊक नव्हते. रस्त्यात कुणी हसलं की त्याची नजर आधी तोंडाकडे जायची, मग माणसाकडे. ‘दोनशे अकरा,’ तो मनाशी म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा. दोनशे अकराला याचा पत्ताही नसायचा.

बायको नर्स होती. त्यांचं भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर निदान समेट तरी करता आला असता. बोलणं कमी होत होत ‘दूध संपलंय’ आणि ‘किल्ली ठेवलीय’ एवढ्यावर आलं आणि दीड वर्षापूर्वी तिला परदेशातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा ती एकटीच गेली. ‘आपण’ हा शब्द दोघांच्याही तोंडी आला नाही. मुलं त्याच्याकडे राहिली. मुलगी नऊ वर्षांची, तिला घरीदारी सगळे ताईच म्हणायचे. मुलगा सहाचा, अंगानं लहानखुरा म्हणून टिल्लू.

आता तिला तिकडे राहायला चांगली जागा मिळाली होती. मुलांच्या शाळेचंही जमत होतं. फोनवर ती म्हणाली, “हे बघ, मी तुझ्यावर जबरदस्ती करत नाही. पण तू दिवसभर वर आणि पोरं दिवसभर खाली दवाखान्यातल्या बाकावर. हे किती दिवस चालणार?”

ती खोटं बोलत नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष देणार? तो म्हणाला, “बरं.”

व्हिसासाठी मुलांच्या बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला जवळच्या शहरात जावं लागणार होतं. बसनं अडीच तास. शिवाय वडिलांची सही तिथेच, अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी होती. शुक्रवारी साडेअकराची वेळ मिळाली. मुलांना एवढंच माहीत होतं, की आपण आईकडे जाणार आहोत. बाबा येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं त्याच्याकडेच होतं आणि तो तीन आठवडे उद्यावर ढकलत होता. शेवटी त्यानं ठरवलं, दोन रात्री लॉजमध्ये राहायचं, पोरांना शहर दाखवायचं आणि तिथे, जरा मजेत असताना, सांगून टाकायचं.

“सहल आहे,” त्यानं मुलांना सांगितलं.

डॉक्टरीणबाईंची स्वतःची तीन मुलं वाढवून झाली होती. त्या म्हणाल्या, “पोरांचे कपडे दुप्पट घे. आणि तुझा एक जास्तीचा शर्ट पिशवीत वरच ठेव, हाताशी.”

“मला कशाला?”

“पोरं आपल्या अंगावर ओकतात रे. स्वतःच्या अंगावर नाही.”

त्याला तो विनोद वाटला. बस सुटून पाऊण तास झाला नसेल, तेवढ्यात टिल्लूनं एक केळं, चार बिस्किटं आणि पेलाभर दूध त्याच्या छातीवर परत केलं. ताईनं नाक धरून खिडकी उघडली. स्टँडवरच्या नळाखाली त्यानं शर्ट अंगावरच धुतला आणि तसाच ओला, मुलांचे हात धरून, कचेरीत शिरला.

कचेरीत निळ्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. काचेच्या पलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी आधी टिल्लूला स्टुलावर उभं केलं.

“कॅमेऱ्याकडे बघ. हसायचं नाही. दात दिसता कामा नयेत.”

एवढं सांगितल्यावर टिल्लूला हसू आवरेना. खालचा पुढचा दात हलत होता, तो जिभेनं ढकलत तो फिदीफिदी हसत राहिला. चौथ्या खेपेला बाई त्याच्या वडिलांकडे वळल्या. “तुम्ही सांगा हो जरा.”

जन्मभर लोकांचे दात दिसावेत म्हणून राबलेला माणूस पोराला म्हणाला, “टिल्लू, ओठ मीट.”

फोटो निघाला. बाईंनी कागद पुढे सरकवले. “यांची आई बरोबर नाही आली?”

“तिच्याकडेच चाललीत.”

“आणि तुम्ही?”

“मी फक्त सही करायला आलोय.”

बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि बोटानं जागा दाखवली. ताई त्याच्या कोपराशी उभी होती. तिला आता काहीही वाचता येत होतं, ही गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नव्हती.

“संमती म्हणजे काय, बाबा?”

“म्हणजे... हो म्हणणं.”

“इथे आमची दोघांचीच नावं आहेत. तुझं नाव फक्त खाली आहे.”

“हो.”

“तू हो म्हणालास?”

पेन त्याच्या हातात होतं. मागच्या रांगेतलं कुणी तरी खोकलं. “हो,” तो म्हणाला आणि त्यानं सही केली. इतकी वर्षं एकसारखी येणारी सही त्या दिवशी रेघेच्या खाली घसरली.

त्यानंतर ताई बोलायची थांबली. रुसली नाही, रडली नाही. सांगितलं तर खात होती, हात धरला तर धरू देत होती. त्याला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. टिल्लूला कशाचाच पत्ता नव्हता. तो बसस्टॉपपासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत एकटाच तिघांच्या वाटचं बोलत होता.

तळ्यात पायानं चालवायच्या होड्या होत्या. त्यांना अकरा नंबरची मिळाली. पुढे दोघांनी बसून पायडल मारायचं आणि मागे एकानं बसायचं. ताई मागे जाऊन बसली. पुढे तो आणि टिल्लू. टिल्लूचे पाय पायडलपर्यंत पोचेनात. मग तो एकटाच आपल्या बाजूचं पायडल मारू लागला आणि होडी एकाच जागी गोल गोल फिरू लागली. सुकाणूचा दांडा त्यानं इकडे ओढला, तिकडे ढकलला, तरी होडी गोलच. शेजारून तरुण जोडपी सरळ निघून जात होती. एका होडीतल्या बाईंनी हात हलवला. त्यानंही हलवला आणि पुढच्या फेरीत पुन्हा समोरासमोर आल्यावर काय करावं ते न सुचून पुन्हा हलवला.

“बाबा, आपण कुठे चाललोय?” टिल्लूनं विचारलं.

“कुठेच नाही बहुतेक.”

काठावरचा होडीवाला कर्ण्यातून ओरडला, “अकरा नंबर! अहो अकरा नंबर, वेळ संपली, परत या!” काठावरची माणसं हसली. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. शर्ट आता घामानं ओला झाला होता. त्यानं पाय थांबवले. पाण्याच्या मधोमध होडी हळूहळू स्थिर झाली. मागे पोटची पोर बसलेली, बाजूला दुसरं, तळ्यात माणसंच माणसं, आणि त्याला फळीवरच्या जबड्यांच्या ओळीसमोर एकट्यानं बसल्यासारखं वाटलं. तिथे निदान हात चालवता तरी यायचे.

होडी डुगडुगली. ताई मागून वाकून पुढे आली, टिल्लूला उचलून तिनं मागे बसवलं आणि त्याच्या जागी बसून पायडलवर पाय ठेवले. तिनं पाय मारायला सुरुवात केली, त्यानंही केली आणि होडी काठाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या खालच्या हॉटेलात ते नाश्त्याला बसले होते. टोस्ट खाता खाता टिल्लू एकदम थांबला. बोट तोंडात घातलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

“दात गेला! बाबा, माझा दात!”

दात बशीत नव्हता, मांडीवर नव्हता, टेबलाखालीही नव्हता. तो टोस्टबरोबर पोटात गेला होता. टिल्लूची पाचावर धारण बसली. “आता तो आतून चावेल मला!”

“नाही चावणार. दात एकटा असला की त्याला काही करता येत नाही,” तो म्हणाला. “वरचा आणि खालचा दोन्ही लागतात चावायला.”

टिल्लूनं यावर विचार केला. ते त्याला पटलं. मग म्हणाला, “तू नवा करून दे. तू सगळ्यांना देतोस.”

“तुझा तुलाच येईल. माझ्यापेक्षा चांगला.”

“कधी?”

“पाचसहा महिन्यांत.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण कुठे येऊन ठेपलो ते. ताई बशीतल्या पावाचे बारीक तुकडे करत होती. मान वर न करता, आदल्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती बोलली, “तेव्हा आम्ही तिकडे असू.”

“हो.”

“आणि तू?”

“मी इथे.”

“सुट्टीपुरतं?”

“नाही गं. मी इथेच.” मग त्यानं सगळं सांगितलं. ठरवून ठेवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. आईचं आणि माझं भांडण नाही, पण आम्ही एका घरात आता राहणार नाही. तुम्हाला तिथे आई आहे, चांगली शाळा आहे, संध्याकाळी घरात कुणी तरी असेल. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.

टिल्लू जिभेनं रिकामी जागा चाचपत होता. “मग माझा नवा दात तू कसा बघणार?”

“फोनवर दाखव.”

“फोनवर आतलं नीट दिसत नाही.”

ताईनं विचारलं, “आम्ही जायला हवंय का तुला?”

“नाही,” तो म्हणाला. “अजिबात नाही.”

मग तिनं बशीतले तुकडे गोळा करून तोंडात टाकले आणि म्हणाली, “काल सांगितलं असतंस तर मी होडीत आधीच पुढे आले असते.”

त्या दिवशी मत्स्यालय बघायचं होतं, पण ते दुरुस्तीसाठी बंद निघालं. शेजारी एका उंच दुकानाला काचेची लिफ्ट होती. मुलांनी तीच सहल मानली. सातदा वर, सातदा खाली. आठव्या वेळी रखवालदारानं हटकलं, “काही घ्यायचंय का तुम्हाला?” ताई म्हणाली, “विचार करतोय.” तो हसला, मुलंही हसली. काचेतून खाली शहर लहान होत जात होतं आणि त्याला मात्र आतल्या आत काही तरी मोजून संपत आल्यासारखं वाटत होतं.

सहा आठवड्यांनी मुलांची आई येऊन त्यांना घेऊन गेली. विमानतळावर ती त्याला म्हणाली, “जेवत जा वेळेवर.” तो म्हणाला, “हो. तूही.” लग्न झाल्यापासून इतकं मऊ बोलणं दोघांत क्वचितच झालं असेल. टिल्लू सामानाच्या गाडीवर बसून गेला. ताईनं दोनदा मागे पाहिलं, तिसऱ्यांदा नाही.

पुढचे महिने त्याचे कठीण गेले. सकाळी उठून तो तीन अंडी फोडायचा आणि उरलेली दोन आता कुणी खायची, असा विचार करत राहायचा. न्हाणीघरातलं छोटं स्टूल त्यानं तीनदा माळ्यावर ठेवलं आणि तीनदा खाली काढलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एक कवळी दुसऱ्याच माणसाच्या मापाची झाली. डॉक्टरीणबाई वर आल्या, म्हणाल्या, “थोडे दिवस रजा घे.”

“रजा घेऊन करू काय, बाई?”

बसल्या थोडा वेळ, मग खाली गेल्या.

रविवारी मुलांचा फोन यायचा. टिल्लू दोन मिनिटं नाचून खेळायला पळायचा. ताई थांबायची, पण बोलायला तिला फारसं नसायचं, त्यालाही नसायचं. शाळा बरी आहे, पाऊस आहे, जेवलास का, जेवलीस का. मग गप्प. एकदा अशाच गप्पपणात ती म्हणाली, “बाबा, मला गणितं करायचीत.”

“बरं, ठेवतो मग.”

“ठेवू नकोस. मी करते गणितं. तू तुझं काम कर.”

त्यानं फोन मेणाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि एक कवळी घासायला घेतली. पलीकडे पान उलटल्याचा आवाज, खोडरबर घासल्याचा आवाज. तासभर कुणी बोललं नाही.

“मशीनचा आवाज फार येतो का गं?” त्यानं मधेच विचारलं. “बंद करू?”

“नको,” ती म्हणाली. “चालू दे.”